धुतलेली साडी आणि कोर्टातला पुरावा

दिवसभर कापूस वेचून, कांदा लावून घरी आलेल्या, चुलीपुढं भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या आपल्या सगळ्या मायबहिणींना आमचा नमस्कार. आम्ही वैजापूर तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघतो. दर वेळी आपण हप्ता, कर्ज, शेळ्या, शिलाई मशीन याबद्दल बोलतो. आज कोर्टाबद्दल बोलू.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण कधी कधी ती पायरी आपल्या घरापर्यंत चालत येते. कुणाला नवरा मारतो, कुणाच्या लेकीची वाट कुणी अडवतं, कुणाची बहीण सासरी जळून मरते. मग आपण म्हणतो, ‘खरं काय ते सगळ्या गावाला माहीत आहे, कोर्टाला कसं दिसत नाही?’ आम्हीही असंच म्हणायचो. कोर्टाला का दिसलं नाही, हे आम्हाला आमच्याच चुकीतून कळलं. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातली ताई रात्री धावत आली. नवऱ्याने लाकडी दांड्याने मारलं होतं. कपाळ फुटलेलं, साडी रक्ताने भिजलेली. आम्ही सात-आठ जणी जमलो. कुणी पाणी तापवलं, कुणी हळद दाबली, कुणी आपलं पातळ नेसायला दिलं. तिची साडी एकीने लगेच धुवायला घेतली. चांगली घासून, डाग काढून दोरीवर वाळत घातली. जवळच्या एका खासगी डॉक्टरने गोळ्या दिल्या, कागद काही दिला नाही, आम्हीही मागितला नाही. दोन दिवस भाऊबंदांच्या बैठका झाल्या. काही जमलं नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन पोलिसांत गेलो.

खटला कोर्टात उभा राहायला तीन वर्षं गेली. आमच्यातल्या तिघींची साक्ष झाली. समोरच्या वकिलाने विचारलं, ‘बाई किती वाजता आल्या?’ एक म्हणाली सात, दुसरी म्हणाली नऊ. ‘रक्ताची साडी कुठे आहे?’ आम्ही म्हणालो, धुतली. ‘डॉक्टरचा कागद?’ नाही. तपासणी तिसऱ्या दिवशीची, त्यात जखम जुनी लिहिलेली. ‘पडून लागली नसेल कशावरून?’ तिसरीवर भावकीचा दाब होता, ती ऐनवेळी म्हणाली, ‘मला नीट आठवत नाही.’ नवरा संशयाचा फायदा मिळून सुटला.

त्या दिवशी आम्ही न्यायाधीशाला मनातल्या मनात खूप बोललो. पुढे मोफत सल्ला देणाऱ्या एका वकील ताईंनी आम्हाला निकाल वाचून समजावला, तेव्हा आमचे डोळे उघडले. ‘बाई खोटं बोलते’ असं त्या निकालात कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच, की आरोप सिद्ध झाला नाही. ‘घडलं नाही’ आणि ‘सिद्ध झालं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सिद्ध न होण्यात अर्धा हात आमचा होता. तिच्या मायेपोटी आम्ही तिचा पुरावा विहिरीच्या पाण्याने धुऊन टाकला होता.

हे तुम्हाला समजायला अवघड नाही, कारण आपण सगळ्या जणी दर महिन्याला एक छोटं कोर्ट चालवतो. गटाच्या बैठकीत एखादी म्हणते, ‘मी मागच्या महिन्याचा हप्ता भरला.’ सचिव म्हणते, ‘नोंद नाही.’ मग आपण काय करतो? ती बाई चांगली की वाईट, यावर मत घेत नाही. तिचं पासबुक बघतो, कॅशबुक बघतो, त्या दिवशी शेजारी कोण बसली होती तिला विचारतो. तिने खरंच पैसे दिले असतील, पण कुठेच नोंद नसेल आणि कुणीच पाहिलं नसेल, तर आपलीही जीभ अडते. न्यायाधीशाचं तसंच आहे. ते त्या रात्री तुमच्या ओसरीवर नव्हते. त्यांच्यासमोर जे ठेवलं जातं, त्यावरूनच त्यांना ठरवावं लागतं. गावाला जे माहीत आहे ते कोर्टाच्या वहीत चढलं नाही, तर कोर्टापुरतं ते नाहीच.

आता कोर्टाकडे तराजू दोन प्रकारचे असतात, हे लक्षात ठेवा. फौजदारी खटल्यात माणूस तुरुंगात जाणार असतो, म्हणून तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि रास्त शंकेला जागा राहता कामा नये. शंका राहिली की तिचा फायदा आरोपीला. दिवाणी दाव्यात, म्हणजे जमीन, पैसा, वाटणी अशा भांडणात, एवढं कडक माप नसतं. दोन्ही बाजू तोलून ज्याचं म्हणणं जास्त संभवतं, त्याचं पारडं जड.

‘मग आरोपीलाच एवढी सवलत का?’ असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. 2003 साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. पुढे प्रकरण पुन्हा तपासलं गेलं. तेव्हा दिसलं, की प्रत्यक्ष पाहणाऱ्या बाईने सुरुवातीला पोलिसांकडचे फोटो बघून भलतीच चार माणसं ओळखली होती. त्या माणसांचा तपासच झाला नव्हता. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. घटना घडली तेव्हा त्यांच्यातला एक तर अल्पवयीन होता. तोवर सोळा वर्षं गेली होती. तीही कुणाची तरी लेकरं होती, आणि गरीब होती. पुराव्याचं कडक माप नसतं, तर ती फासावर गेली असती. आणि खरे गुन्हेगार? ते मोकळेच राहिले. म्हणजे पुरावा नीट गोळा झाला नाही, तर पीडितेलाही न्याय नाही आणि निरपराधालाही नाही.

पण मैत्रिणींनो, सगळा दोष आपल्याच माथी मारून आम्ही थांबणार नाही. पुरावा कसा बघायचा, याची कायद्याची नजरही कधी कधी चुकते. ती आपल्या महाराष्ट्रातल्या एका मजूर पोरीमुळे बदलली, ही गोष्ट प्रत्येक बाईला माहीत असायला पाहिजे.

26 मार्च 1972. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. आईबाप नसलेली, भावाबरोबर मजुरी करून पोट भरणारी एक आदिवासी मुलगी. डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे वय चौदा ते सोळा. घरच्या एका तक्रारीवरून तिला पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाले, रात्र झाली, सगळे निघाले. तिला मात्र थांबवून घेतलं गेलं. दिवे मालवून, दार लावून एका शिपायाने तिच्यावर अत्याचार केला, असं तिने सांगितलं. बाहेर तिची माणसं उभी होती. तिचं नाव आम्ही इथे घेत नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

डॉक्टरी तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे जवळजवळ वीस तासांनी झाली. कपडे जप्त झाले होते, त्यावर डागही सापडले. खटला अडला तो दुसऱ्याच ठिकाणी. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, पोरीच्या वागण्यावरच बोट ठेवलं. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. त्या न्यायालयाने एक मोलाची गोष्ट सांगितली: भीतीने गप्प राहणं वेगळं आणि राजी असणं वेगळं. पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे तिचा विरोध नव्हता, असं न्यायालयाने धरलं.

विचार करा. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीतला माणूस आणि पंधरा वर्षांची अनाथ पोर. तिने ओरडून कुणाला बोलवायचं होतं? पोलिसांना? आपल्यापैकी कितीजणी भीतीने दातखिळी बसून गप्प राहिल्या असतील, हे आपल्याला ठाऊक आहे. न्यायालयाला जखम हवी होती, आणि भीतीची जखम डॉक्टरच्या कागदावर उमटत नाही.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक नाही का, असा त्यांचा सवाल होता. पुढच्या वर्षी 8 मार्चला मुंबई-दिल्लीसह ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. त्या पोरीला स्वतःला न्याय मिळाला नाही तो नाहीच. पण तिच्यामुळे 1983 साली कायदा बदलला.

काय बदललं? एक, पोलीस किंवा सरकारी कर्मचाऱ्याच्या ताब्यात असताना अत्याचार झाला, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरायचं. उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. दोन, अशा गुन्ह्याला कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा. तीन, अत्याचाराचा खटला बंद दाराआड चालवायचा. चार, पीडितेचं नाव छापणं किंवा जाहीर करणं हाच गुन्हा. पुढे 2002 च्या दुरुस्तीने बाईच्या ‘चारित्र्या’वरून तिची साक्ष खोटी पाडण्याची वाट बंद केली. 2013 मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं, की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती राजी होती असं धरता येणार नाही. म्हणजे 1976 साली नागपूरला जे सांगितलं गेलं, ते कायद्याच्या पुस्तकात यायला सदतीस वर्षं लागली.

1 जुलै 2024 पासून जुने तिन्ही कायदे जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. कलमांचे आकडे बदलले. आता आम्ही जे सांगितलं, ते नव्या कायद्यातही कायम आहे. आकडे पाठ करायची गरज नाही. काय करायचं, ते मात्र पाठ करा.

पहिली गोष्ट, धुवू नका. मारहाण असो की अत्याचार, अंगावरचे कपडे तसेच ठेवा. ओले असतील तर सावलीत वाळवा आणि वर्तमानपत्रात किंवा खाकी कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट होऊन डाग कुजतात. अत्याचार झाला असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नका. हे ऐकायला फार कठीण वाटतं, आम्हाला कळतं. त्या वेळी बाईला पहिलं पाणीच अंगावर घ्यावंसं वाटतं. म्हणूनच हे सोबतच्या बाईने लक्षात ठेवायचं असतं. आणि झालीच असेल अंघोळ, तरी दवाखान्यात जा. सगळं संपलं असं समजू नका.

दुसरी गोष्ट, डॉक्टर. आपल्याकडे वैजापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. आधी पोलिसांत जाऊन मग दवाखान्यात, असा काही नियम नाही. अत्याचाराच्या किंवा ॲसिड हल्ल्याच्या पीडितेवर सरकारीच काय, खासगी दवाखान्यानेही ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे असतात आणि पोलिसांना कळवायचं असतं. डॉक्टरला ‘पडले’ असं सांगू नका. कुणी, कधी, कशाने मारलं ते सांगा आणि ते लिहिलं का बघा. लाजेने सांगितलेलं ‘पायरीवरून घसरले’ हे एक वाक्य पुढे तीन वर्षं पाठ सोडत नाही. कागद मागून घ्या.

तिसरी गोष्ट, फिर्याद. वैजापूर, शिऊर, वीरगाव, हद्द कुणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेता येते. ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. आता फोन-संगणकावरूनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा, पटलं तरच सही करा, आणि प्रत घ्या. ती फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. घेतलीच नाही फिर्याद, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आणि साक्षीदार म्हणून जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं.

उशीर झाला म्हणून जायचं टाळू नका. लेकरं लहान होती, सासरच्यांनी कोंडलं होतं, धमकी होती, जे कारण असेल ते फिर्यादीतच लिहायला लावा. उशिराचं खरं कारण दिलेलं असेल तर कोर्ट समजून घेतं. कारणच नसेल तर तिथे शंका शिरते.

चौथी गोष्ट, वाढवून सांगू नका. हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण गावात सल्ला देणारे पुष्कळ. ‘सासूचं नाव घाला, दिराचं घाला, नणंदेचंही घाला, म्हणजे जोर येईल.’ जोर येत नाही, जातो. नणंद त्या दिवशी पुण्याला होती हे एकदा सिद्ध झालं, की तुमच्या खऱ्या जखमेवरही शंका येते. जेवढं घडलं तेवढंच, जसं घडलं तसंच. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने वेळ सांगू नका. आमच्या सात आणि नऊमुळे काय झालं ते तुम्ही ऐकलंच.

पाचवी गोष्ट, साक्ष. किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायद्यात नाही. एक बाई खरं आणि ठामपणे बोलली, तर तिच्या एकटीच्या शब्दावरही शिक्षा होऊ शकते. पण जी आज ‘मी पाहिलं’ म्हणते आणि तीन वर्षांनी फितूर होते, ती पीडितेला दुसऱ्यांदा मारते. साक्ष द्यायची नसेल तर आधीच सांगा. द्यायची असेल तर शेवटपर्यंत उभ्या राहा. एकटी साक्षीला गेली की भावकी दाबते, पाच जणी सोबत गेल्या की दाबणं अवघड जातं. गट त्यासाठीच आहे. पंच म्हणून बोलावलं तरी जा, पण कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नका.

सहावी गोष्ट, मोबाईल. धमकीचा मेसेज, फोटो, रेकॉर्डिंग पुसू नका, कापाकापी करू नका. नुसतं दुसरीला पाठवून ठेवलं म्हणजे झालं असं नाही. ज्या फोनवर ते आलं तो मूळ फोन जपा. कोर्टात ते देताना सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील सांगतील. 112 ला फोन केला की त्याचीही वेळेसकट नोंद राहते.

सातवी गोष्ट बोलायला जड आहे. एखादी लेक जळाली, विष पोटात गेलं, तर तिला दवाखान्यात नेताना वाटेत पढवू नका. ‘हे बोल, ते बोलू नको’ असं अजिबात नाही. डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याची खात्री केल्यावर बहुतेक वेळा नायब तहसीलदार येऊन तिचा जबाब घेतात. ती वाचली नाही, तर तो मरणपूर्व जबाब होतो आणि त्या एका जबाबावरही शिक्षा होऊ शकते. पण तिने चार जणांना चार गोष्टी सांगितल्या असतील, तर तो मजबूत पुरावा कच्चा पडतो. तिला तिच्या शब्दांत बोलू द्या.

आता वादाबद्दल थोडं. प्रत्येक भांडण फौजदारी करायचं नसतं. बांधाचा वाद, वाटणी, उसने पैसे हे बसून मिटत असेल तर जरूर मिटवा. 2007 पासून आपल्या राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आहे, कोर्टात लोकअदालत भरते. लोकअदालतीत तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकुमासारखीच पक्की असते, कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं. बांधासाठी दगड फेकत बसण्यापेक्षा भूमी अभिलेखची मोजणी आणि सातबारा कामाला येतो. पण बलात्कार, हुंडाबळी असले गुन्हे पारावर बसून, दोन लाख घेऊन मिटत नसतात. तसं मिटवणाऱ्या बैठकीला गटाच्या बायकांनी जाऊ नये, आणि त्या कागदावर तर मुळीच सही करू नये.

आणि खर्चाचं काय? 1987 च्या कायद्याने प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. वैजापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे साधा अर्ज करायचा. आपल्याकडे सत्र न्यायालयही वैजापूरलाच आहे, आणि पुढचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. मुंबई गाठायची गरज नाही.

शेवटी आमच्या त्या ताईचं सांगतो. निकालानंतर ती म्हणाली, ‘आता काय, संपलं.’ वकील ताई म्हणाल्या, नाही संपलं. 2006 पासून घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू आहे. त्यात नवऱ्याला तुरुंगात घालणं हा पहिला हेतू नसतो. मारू नको, घरातून काढू नको, पोटगी दे, असे हुकूम मॅजिस्ट्रेट देतात. हुकूम मोडला तर मात्र तो गुन्हा. तिथे माप दिवाणीसारखं असतं, पारडं कुठे झुकतं ते बघतात. वकील ताईंनी विचारलं, ‘त्या रात्रीची काही लेखी नोंद आहे का?’ आम्ही म्हणालो, नाही. मग सचिवाला आठवलं. मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. इतिवृत्ताच्या वहीत तारखेसह एक ओळ होती: सदस्या डोक्याला मार लागून आजारी, आजची बैठक तहकूब. खाली अकरा जणींच्या सह्या आणि अंगठे. एवढी वर्षं ती वही पेटीत पडून होती आणि तो पुरावा आहे हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती वही दिली, तिने आपलं म्हणणं शपथेवर सांगितलं. तिला संरक्षणाचा हुकूम मिळाला आणि महिन्याची पोटगी सुरू झाली. आज ती लेकरांना घेऊन वेगळी राहते, शिलाई करते, हप्ता कधी चुकवत नाही.

तेव्हापासून आमच्या गटांच्या पेटीत पैशांबरोबर आणखी तीन वस्तू असतात: खाकी कागदाची घडी, पेन आणि एक शंभर पानी वही. रात्री-बेरात्री कुणी आली, की एक जण तिच्याजवळ बसते, एक जण रिक्षा बघते आणि एक जण वहीत लिहिते: तारीख, वेळ, ती काय म्हणाली, आम्ही काय पाहिलं. खाली सह्या. तुमच्याही गटाच्या पेटीत पुढच्या बैठकीला एवढं ठेवा. कव्हरच्या आतल्या पानावर हे नंबर मोठ्या अक्षरात लिहा: पोलिसांसाठी 112, महिलांच्या मदतीसाठी 181, लेकरांसाठी 1098, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100.

पुढच्या वेळी पोटगीचा अर्ज कसा करायचा, कोणते कागद लागतात, ते सांगू. तुमचे प्रश्न बैठकीत लिहून पाठवा. तोवर काळजी घ्या. नमस्कार.